बर्फावरचं पूर्व-पश्चिम

माझा मावसभाऊ कॅल्गरीत राहतो. हिवाळ्यात तिकडे संध्याकाळी सातला मॅच सुरू होते तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसात वाजलेले असतात. त्याच्या हातात बिअर, माझ्या हातात चहा, आणि फोनवर एकच वाद: पूर्व भारी की पश्चिम?

हॉकी म्हटलं की आपल्याला ध्यानचंद आठवतात, पण ही ती हॉकी नव्हे. ही बर्फावरची. उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, ३२ टीम आहेत. त्यातल्या १६ ईस्टर्न कॉन्फरन्समध्ये, म्हणजे पूर्व गटात, १६ वेस्टर्नमध्ये. कॅल्गरी वेस्टर्नमध्ये येतं, त्यामुळे भावाचं मत काय असेल ते सांगायला नको. त्याचा पुरावा म्हणजे गुणतक्ता. ‘बघ, आमच्याकडे शंभरच्या वर गुणवाल्या टीम किती!’

तक्त्यातले गुण खरे असतात, पण या प्रश्नाला त्यांचा उपयोग जवळजवळ शून्य.

समजा गावात वरची आळी आणि खालची आळी आहे. दोघींच्या कबड्डीच्या स्पर्धा आपापल्या मैदानात होतात. वरच्या आळीत कुणीतरी दहापैकी दहा सामने जिंकलं, खालच्या आळीतही कुणीतरी जिंकलंच. यावरून कुठली आळी भारी ते कळेल? आळीतल्या आळीत एकाचा विजय हा दुसऱ्याचा पराभव असतो, बेरीज तेवढीच राहते. दोन आळ्या एकमेकींशी खेळतील तेव्हाच काही कळायला लागेल.

एनएचएलमध्ये हा प्रयोग नकळत प्रत्यक्षातच झाला. मालक आणि खेळाडूंच्या भांडणात २०१२-१३चा सीझन उशिरा सुरू झाला आणि प्रत्येक टीमला ४८च सामने मिळाले, तेही फक्त आपल्याच कॉन्फरन्समध्ये. तेव्हा टीम ३० होत्या, म्हणजे एकूण ७२० सामने. शिकागोने सुरुवातीचे २४ सामने नियमित वेळेत न हरता काढले. पश्चिमवाल्यांच्या छात्या फुगल्या. पण पूर्व-पश्चिम तुलनेपुरता त्या ७२० सामन्यांतून मिळालेला पुरावा म्हणजे भोपळा. शेवटी फायनलला पश्चिमेचं शिकागो पूर्वेच्या बॉस्टनला भेटलं आणि ४-२ने जिंकलं. अख्ख्या सीझनचा पूर्व-पश्चिम हिशेब या सहा सामन्यांवर!

गुणांच्या बेरजेत आणखी एक गोम आहे. विजयाला २ गुण मिळतात, पण सामना जादा वेळेत गेला तर हरणाऱ्यालाही १ गुण. म्हणजे काही सामन्यांत २ गुण वाटले जातात, काहींत ३. ज्या कॉन्फरन्समध्ये घरातले सामने जास्त वेळा जादा वेळेत जातात, तिची सरासरी काही न करता वर चढते. हरणाऱ्याला बक्षीस देणारा हा नियम मला तरी मुळात पटलेला नाही, पण ते असो.

तर बघायचे ते फक्त पूर्व विरुद्ध पश्चिम सामने. २०२२-२३चा सीझन घेऊ. प्रत्येक टीम दुसऱ्या बाजूच्या सगळ्या सोळांशी दोनदा खेळली, एकदा घरच्या बर्फावर, एकदा परक्या. त्यामुळे घरच्या मैदानाचा फायदा आपोआप कटला. १६ गुणिले १६ गुणिले २, म्हणजे ५१२ सामने. लीगच्या एकूण १३१२ सामन्यांपैकी कामाचे एवढेच.

आता समजा दोन्ही बाजू अगदी सारख्या आहेत आणि प्रत्येक सामना म्हणजे नाणेफेक. अपेक्षा २५६-२५६ची. पण ५१२ वेळा नाणं उडवून बरोबर निम्मे छापे कुणाला पडतात? किती इकडेतिकडे होईल याचं गणित सोपं आहे: ५१२ला ४ने भागा, १२८ येतात, त्याचं वर्गमूळ सुमारे ११. याच्या दुपटीपर्यंतची तफावत संख्याशास्त्रात चालून जाते. म्हणजे नुसत्या नशिबाच्या जोरावर एक बाजू २३३पासून २७९पर्यंत काहीही जिंकू शकते. वीसातल्या एकोणीस वेळा आकडा याच टप्प्यात पडेल. उद्या कुणी ‘आम्ही २७०-२४२ने पुढे’ म्हणून नाचायला लागला तर त्याला नाचू द्यावं, मानू नये.

भावाला हे सांगितलं तेव्हा तो वैतागला. ‘हॉकी म्हणजे काय नाणेफेक आहे?’

पूर्ण नाही, पण क्रिकेट-बास्केटबॉलपेक्षा बरीच जास्त. पक म्हणजे साडेसात सेंटिमीटर रुंद, अडीच सेंटिमीटर जाड रबराची चकती. ती टुणटुण उडू नये म्हणून सामन्याआधी फ्रीझरमध्ये गोठवतात. तरीही ती कुणाच्या स्केटला, कुणाच्या काठीला, कधी स्वतःच्याच बचावपटूच्या नडगीला लागून भलतीकडे वळते. एक टीम सामन्यात साधारण ३० फटके मारते. गोलकीपर शंभरातले नव्वद अडवतात, म्हणजे गोल होतात तीनेक. इतक्या कमी गोलांच्या खेळात एक वळलेली चकती निकाल फिरवते. शिवाय दमछाक अशी की सर्वोत्तम फॉरवर्डही साठातली वीस-बावीस मिनिटंच बर्फावर असतो. बास्केटबॉलचा स्टार सामन्याचा बहुतेक वेळ मैदानात असतो. इथे दोन तृतीयांश वेळ तो बाकावर बसून पाणी पीत असतो.

म्हणूनच २०२२-२३मध्ये ६५ सामने जिंकून १३५ गुणांचा विक्रम करणारं बॉस्टन प्लेऑफच्या (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांच्या; एका फेरीत चार सामने जिंकणारा पुढे जातो) पहिल्याच फेरीत ९२ गुणांच्या फ्लोरिडाकडून हरलं, आणि तेही ३-१ने पुढे असताना. त्याआधी २०१९मध्ये ६२ सामने जिंकलेल्या टॅम्पा बेला कोलंबसने पहिल्याच फेरीत ४-०ने घरी पाठवलं होतं.

सरासऱ्यांची तुलना आणखी एका जागी फसवते. २०१३मध्ये फेररचना झाली. डेट्रॉइट आणि कोलंबस पश्चिमेतून पूर्वेत गेले, विनिपेग पूर्वेतून पश्चिमेत आलं. लगेच चर्चा: कुणाचा फायदा, कुणाचा तोटा? पण दोघांचाही ‘फायदा’ होऊ शकतो. जी टीम जुन्या गटाच्या सरासरीपेक्षा कच्ची, पण नव्या गटाच्या सरासरीपेक्षा पक्की आहे, ती हलवली की दोन्ही सरासऱ्या वाढतात. कुणी काडीभरही सुधारलेलं नसतं. या प्रकाराला अमेरिकी विनोदवीर विल रॉजर्सचं नाव आहे. ओक्लाहोमाचे लोक कॅलिफोर्नियात गेले आणि दोन्ही राज्यांची अक्कल वाढली, असा विनोद त्याच्या नावावर सांगतात. डॉक्टरांच्या जगात मात्र हा विनोद उरत नाही. १९८५मध्ये अल्व्हान फाइनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की नव्या तपासण्यांमुळे कॅन्सरचे काही रुग्ण ‘सुरुवातीच्या’ टप्प्यातून ‘पुढच्या’ टप्प्यात मोजले जातात आणि दोन्ही टप्प्यांतल्या रुग्णांचं आयुष्य कागदावर वाढलेलं दिसतं. प्रत्यक्षात त्यामुळे एकही माणूस एक दिवस जास्त जगलेला नसतो.

भावाची दुखरी नस मात्र वेगळीच आहे: ट्रेड, म्हणजे टीममधली खेळाडूंची अदलाबदल. जुलै २०२२मध्ये कॅल्गरीने आपला लाडका मॅथ्यू कचक फ्लोरिडाला दिला (स्पेलिंग टी-ने सुरू होतं, उच्चारात तो गळतो). बदल्यात जोनाथन ह्युबर्दो, मॅकेन्झी वीगर, कोल श्विंट आणि ड्राफ्टमधली, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतली, पहिल्या फेरीची एक निवड. तेव्हा भाऊ खूश होता. ह्युबर्दोने नुकतेच गोल आणि असिस्ट (गोलाला दिलेले पास) मिळून ११५ पॉइंट केले होते, कचकने १०४. एक देऊन चार घेतले, सौदा स्वस्तात पडला!

मी ह्युबर्दोचे जुने आकडे काढले. त्याआधीचा त्याचा सर्वोत्तम सीझन ९२चा. ११५ म्हणजे गुणवत्ता होतीच, पण तिच्यावर साथीदार, प्रशिक्षक, पॉवर प्ले (समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाचा खेळ) आणि आत गेलेल्या उडत्या चकत्या यांचा थरही होता. दुसऱ्या वर्षी हा थर सोबत येतोच असं नाही. शिवाय वय २९, आणि फॉरवर्डचा बहर साधारण त्याआधीच उतरायला लागतो. कॅल्गरीने मात्र त्याच्याशी आठ वर्षांचा, ८ कोटी ४० लाख डॉलरचा करार केला. टीमच्या एकूण पगाराला लीगने मर्यादा घातलेली आहे, आणि तिचा जवळजवळ आठवा हिस्सा एका माणसात अडकला. पुढच्या सीझनला त्याचे पॉइंट झाले ५५.

‘बघ, सरासरीकडे परतणं म्हणतात ते हेच,’ मी फुशारकीने म्हणालो. भावाने शांतपणे विचारलं, ‘मग कचकचं काय?’

प्रश्न बिनतोड होता. कचकचाही आधीचा सर्वोत्तम आकडा ७७च होता. माझ्या नियमाने तोही घसरायला हवा होता. त्याने फ्लोरिडात १०९ केले. वय २४, चढता काळ, हे कारण मी लगेच पुढे केलं, पण निकाल लागल्यावर कारण सापडतंच. असामान्य सीझननंतरचे शंभर खेळाडू घेतले तर त्यातले बहुतेक खाली येतात, एवढंच गणित सांगतं. समोर बसलेला एकटा खेळाडू त्यातला कोण, हे ते सांगत नाही. आणि ११५वरून थेट ५५ ही घसरणही नुसत्या नशिबाच्या खात्यावर टाकता येत नाही. नवी टीम, नवी खेळण्याची पद्धत, बिघडलेला आत्मविश्वास, सगळं त्यात असणार.

२०२४च्या फायनलला पूर्वेकडून कचकचं फ्लोरिडा आणि पश्चिमेकडून कॅल्गरीचं हाडवैरी एडमंटन समोरासमोर आले. कुणाच्या बाजूने ओरडायचं या विवंचनेत भाऊ. फ्लोरिडा ३-०ने पुढे गेलं, एडमंटनने ३-३ केलं, सातवा सामना फ्लोरिडाने २-१ने जिंकला. आपल्याकडे सकाळ होती. फोन आला: ‘झालं ना सिद्ध? पूर्व भारी. म्हण आता!’ मी सातही सामन्यांचे गोल मांडले. फ्लोरिडा १८, एडमंटन २३. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग म्हणाला, ‘हे एडमंटनवाल्यांना सांगू नकोस.’