‘ट्रॉमा’ची व्याख्या आणि बोलण्यातून गळलेल्या अटी

‘मला ट्रॉमा झालाय’, ‘तो मला गॅसलाइट करतो’ अशी वाक्यं आता परीक्षेच्या निकालापासून बिनसलेल्या मैत्रीपर्यंत कुठेही ऐकू येतात. याचं खापर बहुतेक वेळा समाजमाध्यमांवर फुटतं. ‘ट्रॉमा’पुरता तरी, या शब्दात काय बसतं हा वाद त्याहून जुना आहे.

शरीराच्या जखमेसाठीचा हा शब्द एकोणिसाव्या शतकात मनाच्या जखमेसाठीही वापरला जाऊ लागला. पहिल्या महायुद्धात, तोफगोळ्यांच्या माऱ्याने मनाने खचलेल्या सैनिकांसाठी, ‘शेल शॉक’ हा शब्द आला. पक्कं निदान मिळालं ते १९८० मध्ये. व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांनी आणि त्यांच्या बाजूच्या डॉक्टरांनी रेटा लावल्यावर मनोविकारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा मानसिक विकार, दाखल झाला. घटना माणसाच्या नेहमीच्या अनुभवापलीकडची असावी, असं तेव्हा गृहीत होतं. मेख इथेच होती. बलात्कार आणि घरातली मारहाण असंख्य बायकांच्या वाट्याला येते. मग अशा घटनेला ‘नेहमीच्या अनुभवापलीकडची’ कसं म्हणायचं? अत्याचारग्रस्त स्त्रियांसोबत काम करणाऱ्यांनी हा प्रश्न लावून धरला. १९९४ च्या चौथ्या आवृत्तीत ती शब्दयोजना गेली, आणि जवळच्या माणसावर ओढवलेला जीवघेणा प्रसंग नुसता कळणंही व्याख्येत बसू लागलं.

शब्द सैल झाला तो तिथेच, असं टीकाकार म्हणतात. हा आरोप अन्यायाचा आहे. त्याच आवृत्तीने नवी अटही घातली: लक्षणांमुळे माणसाला लक्षणीय त्रास व्हायला हवा, किंवा त्याचं काम, नाती विस्कटायला हवीत. लक्षणं महिन्याहून जास्त टिकायला हवीत, हे १९८७ च्या सुधारणेपासून होतंच. दार रुंद झालं, तसा उंबराही उंच झाला. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीने तर केवळ पडद्यावर पाहिलेल्या घटना, कामाचा भाग असल्याखेरीज, वगळल्या.

रोजच्या बोलण्यात मात्र फक्त घटना पोहोचली. काळ, लक्षणं, विस्कटलेलं आयुष्य मागेच राहिलं.

‘गॅसलाइटिंग’चंही तेच झालं. मूळ १९३८ च्या एका इंग्रजी नाटकात. तिथे नवरा बायकोला स्वतःच्याच शुद्धीवर शंका घ्यायला लावतो, ठरवून, पुन्हा पुन्हा. २०२२ मध्ये एका अमेरिकी शब्दकोशाने तो वर्षाचा शब्द ठरवला. आज साध्या मतभेदालाही तो चिकटतो, आणि मग समोरच्याला उत्तरच उरत नाही, कारण त्याने नाकारलं की तेही गॅसलाइटिंगच ठरतं. जिचं खरोखर असं खच्चीकरण चालू आहे, तिला आपलं वेगळं सांगायला शब्द राहत नाही.