‘अ‍ॅक्सेस’ दिसतंय म्हणून पोर्ट अ‍ॅक्सेस होत नाही

“राउटर ब्रिजवर टाकला आणि नेटवर्क स्विचचं पोर्ट आपोआप ट्रंक झालं.” असा फोन आला की पुढच्या वाक्यात राउटरला शिव्या ठरलेल्या. पण राउटरनं काही मागितलेलंच नसतं. ब्रिजवर टाकलेला राउटर राउटिंग सोडून फ्रेम, म्हणजे डेटाची पाकिटं, जशीच्या तशी पुढे देतो.

अ‍ॅक्सेस म्हणजे पोर्टावर एकच व्हीलॅन (त्याच तारांवर वेगळं केलेलं आभासी नेटवर्क), टॅग नाही. ट्रंक म्हणजे अनेक व्हीलॅन आणि फ्रेम कोणत्या व्हीलॅनची हे सांगणारा ८०२.१क्यू मानकाचा ४ बाइटांचा टॅग. नेटिव्ह व्हीलॅन तेवढं बिनटॅगचं. हे सगळ्यांना पाठ असतं. घोळ होतो तो ‘अ‍ॅक्सेस’ आणि ‘डायनॅमिक ऑटो’मध्ये.

सिस्कोचे स्विच डीटीपी, म्हणजे डायनॅमिक ट्रंकिंग प्रोटोकॉल, वापरून आपसात ट्रंक ठरवतात. (आपल्याकडे डीटीपी म्हटलं की लग्नपत्रिकेचं दुकान आठवतं. इथेही मामला सोयरिकीचाच आहे.) ‘डिझायरेबल’ पोर्ट स्वतः स्थळं शोधत हिंडतं. ‘ऑटो’ हिंडत नाही, पण स्थळ आलं की लगेच हो म्हणतं. खरं ‘अ‍ॅक्सेस’ पोर्ट लग्नच करणार नसतं. स्थळ आलेलं नाही तोवर ऑटो आणि अ‍ॅक्सेस दिसायला सारखेच! ‘शो इंटरफेसेस स्विचपोर्ट’ या कमांडमध्ये ऑपरेशनल मोड (पोर्टाची आत्ताची स्थिती) दोन्हीकडे ‘स्टॅटिक अ‍ॅक्सेस’ येतो. लोक ती ओळ वाचून निघतात. तिच्या वरची ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह मोड’ची, म्हणजे पोर्टाला लावलेल्या सेटिंगची, ओळ कुणी वाचतच नाही, आणि खरं तिथेच लिहिलेलं असतं.

“पण मी स्विचपोर्ट अ‍ॅक्सेस व्हीलॅन २० दिलं होतं!” दिलं असेल. पोर्ट अ‍ॅक्सेस राहिलं तर व्हीलॅन कोणतं, एवढंच त्यानं ठरतं.

मानवतजवळच्या एका जिनिंगमध्ये ऑफिस आणि वजनकाट्याची खोली यांच्यामध्ये दोन वायरलेस राउटर होते. ऑफिसात सिस्कोचा २९६० स्विच, मूळचा ऑटो. काट्याकडे सिस्कोचाच जुना ३५५० स्विच, मूळचा डिझायरेबल. राउटर राउटिंग करत होते तोवर डीटीपीच्या फ्रेम त्यांच्यापाशीच संपायच्या. मग कुणीतरी दोन्ही राउटर ब्रिज केले. ब्रिजला डीटीपी कळत नाही. त्याच्या लेखी ती साधी मल्टिकास्ट (अनेकांसाठी पाठवलेली) फ्रेम, दिली पुढे ढकलून. दोन्ही स्विचना वाटलं आपण एकाच वायरवर आहोत, आणि सोयरीक जुळली.

फसवं पुढेच आहे. स्विचमागचे व्हीलॅन २० चे कॅमेरे छान चालू, कारण त्यांचा डेटा टॅग लागून जात होता. काट्याचा कॉम्प्युटर मात्र थेट राउटरच्या रिकाम्या पोर्टात होता. त्याची बिनटॅगची फ्रेम नेटिव्ह व्हीलॅन १ मध्ये पडली, तिथे आयपी वाटणारं डीएचसीपी नाही, म्हणून कॉम्प्युटरनं स्वतःच घेतलेला आयपी आला, १६९.२५४ चा. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, आणि आत एक जण राउटर तिसऱ्यांदा बंद-चालू करतोय.

दोन्हीकडे ‘स्विचपोर्ट मोड अ‍ॅक्सेस’ आणि ‘स्विचपोर्ट नोनेगोशिएट’ (म्हणजे डीटीपी बंद) टाकलं, काटा सुरू झाला. नोनेगोशिएट ऑटोवर लागत नाही, आधी मोड पक्का करावा लागतो. ब्रिजवरून ट्रंकच हवी असेल तर ‘मोड ट्रंक’ स्वतः लिहा आणि त्यालाही नोनेगोशिएट जोडा. नुसत्या मोड ट्रंकवर डीटीपी चालूच राहते. मी तर नवा स्विच खोक्यातून काढला की एकही पोर्ट ऑटोवर ठेवत नाही.