म्हैसमाळ की गौताळा? दोन हिरव्या डोंगरांची तयारी वेगवेगळी

पाऊस लागला की मराठवाड्यातल्या निम्म्या घरांत एकच बेत शिजतो, ‘या रविवारी म्हैसमाळ-गौताळा करू.’ दोन्ही नावं एका दमात घेतली जातात आणि त्याला कारणही आहे. दोन्ही ठिकाणं छत्रपती संभाजीनगरच्या वायव्येला आहेत, दोन्ही काळ्या पाषाणाची, आणि जुलै ते सप्टेंबरमध्ये दोन्ही इतकी हिरवी होतात की मोबाइलमधल्या फोटोवरून कुठलं कोणतं ते सांगता येत नाही. गडबड तिथंच होते. म्हैसमाळच्या तयारीनं गौताळ्यात शिरलेलं कुटुंब दुपारी दोन वाजता रिकाम्या बाटल्या घेऊन नाल्यातल्या दगडांवर बसलेलं असतं. गौताळ्याच्या अपेक्षेनं म्हैसमाळला गेलेलं कुटुंब तासाभरात ‘इथं जंगल कुठंय?’ म्हणून कंटाळून परत फिरतं. दोष दोन्ही डोंगरांचा नाही. म्हैसमाळ गाडीनं बघायचं ठिकाण आहे, गौताळा पायांनी.

म्हैसमाळ हे खुलताबाद तालुक्यातलं पठार. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरच्या वर, शहरापासून साधारण चाळीस किलोमीटरवर. डांबरी रस्ता थेट माथ्यावर जातो. गिरिजामातेचं मंदिर, बालाजीचं मंदिर, दूरदर्शनचा मनोरा, कड्यावरून खाली पसरलेलं खोरं आणि मोकळा गवताळ माळ असा सगळा पसारा दोन-तीन किलोमीटरच्या आत आहे. आजी-आजोबांना गाडीतून उतरून शंभर पावलं टाकली तरी ढग अंगावरून जाताना दिसतात. दोन वर्षांचं लेकरूही इथं मजेत राहतं.

गौताळा म्हणजे गौताळा औट्रमघाट अभयारण्य. १९८६ साली घोषित झालेलं, २६० चौरस किलोमीटरचं, कन्नड तालुक्यापासून घाटाखालच्या चाळीसगावच्या बाजूपर्यंत पसरलेलं. इथं बिबट्या आहे, अस्वल आहे, नीलगाय आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू आहे. म्हणजे फाटक आहे, नोंद आहे, शुल्क आहे आणि आत येण्या-जाण्याची वेळ आहे. चंदन नाला, सीता न्हाणी, गौतम ऋषींचं स्थान, गौताळा तलाव, पितळखोऱ्याची लेणी ही नावं ऐकायला एका ओळीत येतात, पण प्रत्यक्षात ती एका फेरीत बसत नाहीत.

म्हणून पहिला नियम : दोन्ही एका दिवसात करू नका. खुलताबादहून कन्नडला पोचायलाच तास जातो, पावसात जास्त. म्हैसमाळला चहा-भजी होऊन निघेपर्यंत अकरा वाजतात, गौताळ्याच्या फाटकावर एक, आणि जंगलात चालायला जो वेळ सर्वात वाईट तोच नेमका हाती उरतो.

रस्ता आणि वार

म्हैसमाळची अर्धी तयारी रस्त्याची असते. शहरातून दौलताबादमार्गे निघालात तर किल्ल्याजवळची दिल्ली दरवाजाची कमान लागते. तिथून एका वेळी एकच मोठी गाडी जाते. पावसाळी रविवारी नऊनंतर तिथं रांग लागते आणि परतीला चारनंतर तीच रांग उलट्या बाजूनं. सकाळी सातच्या आत कमान ओलांडली तर दिवस हाती लागतो. जालना, सिल्लोडकडून येणाऱ्यांनी शहरात शिरूच नये. फुलंब्रीहून सरळ खुलताबादला रस्ता आहे.

वार निवडताना पंचांग बघा. श्रावणातल्या शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीला शहरातून हजारो माणसं शुक्रवारी रात्रीच पायी निघतात. पहाटेच्या अंधारात रस्त्याच्या दोन्ही कडांनी माणसं चालत असतात, तेव्हा गाडी नेणं त्यांच्याही जिवावर आणि तुमच्याही. श्रावणी सोमवारी वेरूळला घृष्णेश्वराची गर्दी, आणि कन्नडकडे जाणाऱ्यांना ती लागते. हनुमान जयंतीला खुलताबाद टाळा. मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात, त्यामुळे या पट्ट्यातला रस्ता त्या दिवशी बराच मोकळा मिळतो. सुट्टी जुळवता येत असेल तर मंगळवार घ्यावा. मात्र लेणी बघायची असतील तर तोच वार चुकीचा.

वर धुकं असेल तर गाडीचे दिवे खाली पडतील असे ठेवा. प्रखर झोत धुक्यावर आपटून परत डोळ्यांत येतो. चारही इंडिकेटर लावून चालवू नका, मागच्याला तुमचं वळण कळत नाही. आणि कड्याच्या टोकाचं गवत : ते दगडाच्या कडेपलीकडे पुढं वाढलेलं असतं, खाली जमीन नसते. लेकरांना कड्यापासून किमान दहा पावलं मागं ठेवा. फोटो काढणारा माणूस मागं मागं सरकत असतो, त्याच्या पाठीशी दुसऱ्यानं उभं राहावं.

म्हैसमाळला एवढं पुरतं. पाणी, चहा, भाजलेली कणसं वर मिळतात. एक जादा कपड्यांचा जोड, छत्रीऐवजी रेनकोट, कारण माळावरच्या वाऱ्यात छत्री उलटी होते. खाऊची पिशवी हातात उघडी ठेवू नका. कॅरीबॅग खुळखुळली की वानरं येतात, आणि आधी लहान मुलाच्या हातातलंच ओढतात.

गौताळा : इथं चालावं लागतं

कन्नडहून हिवरखेड्याच्या बाजूनं फाटकात शिरता येतं. पेट्रोल, औषधं, पाणी सगळं कन्नडलाच घ्या. आत दुकान आहे असं धरून जाऊ नका. जाण्याआधीच्या दिवशी कन्नडच्या वन्यजीव विभागाच्या कार्यालयात विचारून घ्या की नाले आणि कुंडांकडच्या वाटा चालू आहेत का. जोराचा पाऊस झाला की त्या बंद होऊ शकतात, आणि साठ-सत्तर किलोमीटर येऊन फाटकावरून परतणं लेकरांना समजावता येत नाही.

चाळीसगावकडून घाट चढून येणार असाल तर त्याचीही चौकशी करा. ३१ ऑगस्ट २०२१ ला अतिवृष्टीत कन्नड घाटात दरडी कोसळल्या आणि रस्ता काही दिवस बंद राहिला. रात्रभर पाऊस झाला असेल तर घाट दुपारपर्यंत सोडून द्यावा.

नवख्यांचा सगळ्यात मोठा घोटाळा नकाशामुळे होतो. मोबाइलवर पितळखोऱ्याची लेणी आणि पाटणादेवीचं मंदिर शेजारी-शेजारी दिसतात. दिसणारच, कारण पाटणादेवी पितळखोऱ्याच्या पायथ्याशीच आहे. पण एक डोंगराच्या वर, दुसरं खाली खानदेशात. गाडीनं जायचं तर पूर्ण घाट उतरून वळसा घालावा लागतो. केदारकुंड, धवलतीर्थ हे धबधबेही त्या खालच्या बाजूचे. ‘दोन किलोमीटर तर आहे’ म्हणून कड्यावरून वाट शोधायला निघू नका. एका दिवसात एकच बाजू घ्या : वरची कन्नडची किंवा खालची पाटणादेवीची.

वरच्या बाजूचा पहिला दिवस असा बसवावा. सहाला शहर सोडायचं, आठच्या आसपास फाटक, तिथून अकरा-साडेअकरापर्यंत चालणं, बारा वाजता गाडीजवळ जेवण. लहान मुलांसोबत ताशी दीड ते दोन किलोमीटर एवढाच वेग धरा, म्हणजे तीन तासांत थांबे धरून जाऊन-येऊन चार किलोमीटर. मोठ्यांना हे कमी वाटतं. आठ वर्षांच्या मुलाला ते पुरतं आणि पुढच्या खेपेला तो स्वतः ‘चला’ म्हणतो. पाच वर्षांखालचं लेकरू असेल तर ते परतीच्या अर्ध्या वाटेत खांद्यावर येणार हे आधीच गृहीत धरा आणि खांदा कुणाचा तेही ठरवा.

पाण्याचा हिशोब लिहून करावा. चालताना मोठ्या माणसाला तासाला अर्धा लिटर, मुलाला पाव लिटरच्या थोडं वर. दोन मोठे, दोन मुलं, तीन तास : पाच लिटर. हे जाण्या-येण्याचं झालं, त्याच्या निम्मं आणखी कुणाचा पाय मुरगळला किंवा वाट चुकली तर. म्हणजे पाठीवर सात-साडेसात लिटर हवं, आणि गाडीत वेगळा पाच लिटरचा कॅन. नाल्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी वर गुरं आणि जनावरं त्यात उतरलेली असतात, ते पिण्यात घेऊ नका. ओआरएसचं पाकीट जेवढ्या पाण्यासाठी लिहिलं असेल तेवढ्यातच पूर्ण मिसळायचं. अर्धं पाकीट बाटलीत टाकून अंदाजानं ढवळलेलं लहान मुलाला त्रास देऊ शकतं. ऑक्टोबरात हे दुप्पट काटेकोर पाळा. तेव्हा हिरवळ असते, म्हणून ऊन जाणवत नाही, पण दमट उकाड्यात घाम सुकत नाही आणि मूल आधी चिडचिडं होतं, मग डोकं दुखतं म्हणतं. डोकं दुखतं म्हणाल्याबरोबर सावलीत बसवा, मान आणि काखा ओल्या फडक्यानं पुसा, घोट घोट पाणी द्या आणि त्या दिवसाचं चालणं तिथंच संपवा.

नाल्यातले दगड नीट बघून पाय टाकायचे असतात. आपला काळा पाषाण कोरडा असताना करडा आणि खरखरीत दिसतो, त्यावर बूट घट्ट बसतो. ओला पण मळकट असेल तरी चालतं. काळाभोर चकाकणारा किंवा वर हिरवट साय धरल्यासारखा दगड असेल तर त्यावर शेवाळ आहे, तिथं कुठलाच बूट टिकत नाही. अशा जागी दगडांवरून उड्या मारण्यापेक्षा घोट्याएवढ्या पाण्यात, तळाच्या वाळूवर पाय ठेवणं सुरक्षित. चपला, क्रॉक्स गाडीतच राहू द्या. मागं पट्टा असलेली पावसाळी सॅंडल किंवा खाचा असलेले बूट, आणि मुलांना मोज्यांचा दुसरा जोड. रांगेत एक मोठा माणूस पुढं, एक शेवटी, मुलं मध्ये. शेवटचा माणूस कधीही फोटोसाठी मागं राहत नाही.

आता पाणी वाढण्याबद्दल, कारण इथं जीव जातात. या डोंगरांवर माती थोडी आणि खडक फार, त्यामुळे पाऊस मुरत नाही, थेट नाल्यात उतरतो. तुमच्यावर ऊन असताना वरच्या पठारावर सर आली तरी काही मिनिटांत नाला फुगतो. पाणी अचानक गढूळ झालं, काड्या-पानं वाहत आली किंवा आवाज जड झाला की सामान गोळा करत बसू नका, जवळच्या काठानं आडवं वर चढा. गाडी पलीकडच्या काठावर राहिली तर राहू द्या. पाऊस थांबल्यावर नाला उतरतो, पण चढला त्यापेक्षा सावकाश, त्यामुळे पाणी ओसरेपर्यंत थांबणं हाच उपाय. गुडघ्याएवढं वाहतं पाणी मोठ्या माणसालाही पाडतं. कुंडात उतरू नका : तळ दिसत नाही, धबधब्याखाली दगडाचे कपारे असतात आणि पोहता येणं तिथं उपयोगी पडत नाही.

पितळखोऱ्यासाठी वेगळी खेप ठेवा. इसवीसनापूर्वीची ही लेणी दरीत आहेत. पायऱ्या उतरून जावं लागतं, म्हणजे सोपी वाट आधी आणि दमवणारी चढण परतीला, ऐन उन्हात. गुडघे दुखणाऱ्यांना वरूनच दरी दाखवा. कपारींत आग्या मोहोळं असू शकतात. अत्तर, डिओ, धूर, आरडाओरडा, मोहोळावर मोबाइलचा फ्लॅश, सगळं टाळा. माश्या उठल्याच तर हात न झटकता चेहरा ओढणीनं झाकून लांब पळा. पाण्यात डुबी मारून उपयोग नाही, त्या वर घिरट्या घालत राहतात.

डबा दोन्हीकडे सारखाच चालतो : धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गुळाचे खडे. दह्याचं मात्र म्हैसमाळला न्या, गौताळ्याला नको, गाडीतल्या उकाड्यात ते आंबतं. अभयारण्यात चूल पेटवायची नाही, गाणी लावायची नाहीत, उरलेलं अन्न ‘वानरांना’ म्हणून टाकायचं नाही. कुत्रा घरी ठेवा.

आत मोबाइलला रेंज सगळीकडे नसते, त्यामुळे कुठल्या वाटेनं जाताय आणि किती वाजता बाहेर येणार हे घरी एकाला मेसेज करून आणि फाटकावर सांगून जा. वनविभागाची हेल्पलाइन १९२६, रुग्णवाहिका १०८. साप चावला तर चोखणं, चिरणं, आवळून बांधणं काही करू नका. अंगठी-कडं काढा, चावलेला हात किंवा पाय काठी बांधून हलणार नाही असा ठेवा, माणसाला चालवू नका, उचलून गाडीपर्यंत आणा. आधी कन्नडचं ग्रामीण रुग्णालय, तिथून गरज पडली तर संभाजीनगरचं घाटी हे सरकारी रुग्णालय. साप मारून सोबत न्यायची गरज नसते, त्यात दुसऱ्याला चावा बसतो. लांबून फोटो सहज मिळाला तर घ्या, नाही तर चावल्याची वेळ तेवढी लिहून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा.