शेवटच्या लोगोवरून मालिकेचं साल कळतं का?

जुन्या अमेरिकन मालिकेच्या शेवटी जो वितरकाचा लोगो येतो, तो मालिका बनली त्याच काळातला असतो, असं फोटोसकट वर्षानुवर्षं फिरत आलं आहे. तसं वाटणं साहजिकच आहे. पण या मालिका पुनःप्रसारणासाठी स्थानिक वाहिन्यांना विकल्या जात. हक्क दुसऱ्या कंपनीकडे गेले किंवा कंपनीचं नाव बदललं, की शेवटचे ते काही सेकंद कापून नवा लोगो बसवला जाई.

खात्री करायची तर आधी श्रेयनामावलीतलं कॉपीराइटचं साल वाचा. बऱ्याचदा ते रोमन अंकांत असतं: एम १०००, सीएम ९००, एलएक्सएक्स ७०, आयव्ही ४, म्हणजे १९७४. मग डोळे मिटून आवाज ऐका. सगळ्यात बोलका पुरावा हाच. चित्र बदललं तरी कधी खाली जुनीच धून वाजत राहते, कधी संगीत मध्येच तुटतं. हालचालही पाहा. फिल्मवरची मालिका सेकंदाला २४ चौकटींची (फ्रेम्सची), तर व्हिडिओवर बनवलेला लोगो साधारण ३० चौकटींचा, त्यामुळे तो एकदम गुळगुळीत सरकतो.

मात्र कॉपीराइटचं साल त्या भागापुरतंच असतं. मालिका कधी सुरू झाली हे पाहायला पहिलाच भाग काढावा लागतो.