पहिल्या ‘सॅबथ’च्या तारा उतरवलेल्या नाहीत

हेवी मेटल संगीताच्या अल्बमच्या परीक्षणांत एक वाक्य हमखास सापडतं: ‘ब्लॅक सॅबथ’ बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याची बोटं कारखान्यात चिरडली, म्हणून त्याने गिटारच्या तारा उतरवल्या, म्हणजे सैल करून खालच्या सुरात लावल्या, आणि बँडच्याच नावाच्या १९७० च्या पहिल्या अल्बमला तो जडपणा आला.

अपघात खरा आहे. मधलं बोट आणि अनामिका यांची टोकं गेली, तीही उजव्या हाताची. तो डावखुरा, त्यामुळे तारा दाबायचा हात नेमका तोच. पण त्या अल्बमवर गिटार नेहमीच्याच सुरात आहे, खालची मोकळी तार ई, साधारण ८२ हर्ट्झ. शीर्षकगीतातली भीती येते जी आणि सी शार्प या स्वरांमधल्या अंतरातून, शिवाय संथ लयीतून. बोटांसाठी त्याने प्लास्टिकच्या टोप्या केल्या, तारा बारीक लावल्या.

तारा तीन अर्धस्वर (गिटारवर तीन घरं) उतरल्या त्याच बँडच्या १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ या अल्बममध्ये, तेही सगळ्या गाण्यांत नाही. ‘इन्टू द व्हॉइड’ ऐका: खालची तार सी शार्प, ६९ हर्ट्झ. तीच तार एवढी उतरवली की ताण जवळपास ३० टक्के घटतो. बोटांना आराम मिळतो, पण तार लुळी पडून गिटारच्या दांडीवरच्या पडद्यांवर (आडव्या पट्ट्यांवर) खरखरते आणि जोरात छेडली की सूर क्षणभर वर सरकतो. म्हणून आजचे उतरवून वाजवणारे जाड तारा घेतात. परीक्षण लिहिण्याआधी गिटार हातात घेऊन रेकॉर्डसोबत एकदा मोकळी तार छेडावी आणि सूर जुळतो का पाहावं, एवढं पुरतं.