वृत्तपत्रपेट्या : सार्वजनिक पदपथांवरील मांडणीचे स्थानिक नियम (अमेरिकेची संयुक्त संस्थाने)

विक्रेत्याविना वृत्तपत्र घेता येईल अशी पेटी सार्वजनिक पदपथावर कोठे, किती संख्येने व कोणत्या आकाराची ठेवावी याविषयी अमेरिकेतील नगरांनी केलेले उपविधी आणि त्यांवरील न्यायनिर्णय हा या नोंदीचा विषय आहे. या पेटीस तेथे ‘न्यूजरॅक’ म्हणतात. माणूस बसतो तो ‘न्यूजस्टँड’, म्हणजे आपल्याकडील पेपरचा स्टॉल, हा कायद्याच्या दृष्टीने निराळा प्रकार होय. ‘ग्राफ विरुद्ध शिकागो’ (१९९३) या खटल्यात सातव्या मंडळाच्या (म्हणजे काही राज्यांच्या गटासाठी असलेल्या संघीय) अपील न्यायालयाने स्टॉलच्या परवान्याला पेटीपेक्षा बरीच सैल कसोटी लावली.

पेटीची रचना साधी असते. वरच्या अंगाला नाण्यांची खाच व तिजोरी, समोर काचेचे किंवा पारदर्शक प्लॅस्टिकचे दार, त्यामागे पहिले पान दिसेल अशी लावलेली एक प्रत आणि आत गठ्ठा. नाणी पुरी पडली की अडसर सुटतो आणि दार ओढता येते. दार एकदा उघडले की सगळा गठ्ठा ग्राहकाच्या हाती असतो. एकच प्रत घ्यायची हा भाग त्याच्या सचोटीवर सोडलेला आहे. विनामूल्य साप्ताहिके व जाहिरातपत्रे यांच्या पेट्यांना नाण्यांची यंत्रणा नसते, आणि बहुधा त्या प्लॅस्टिकच्या व हलक्या असल्यामुळे वाऱ्याने कलंडतात. त्या जखडून ठेवण्याविषयीची कलमे उपविधींत येतात ती यामुळेच.

पेटीच्या उगमाविषयी एकवाक्यता नाही. कॅलिफोर्नियातील बर्कली येथील जॉर्ज थीमेयर हेमेटर यांना १९४७ च्या सुमारास नाण्यावर चालणारी वृत्तपत्रपेटी बनविल्याचे श्रेय सामान्यतः दिले जाते. त्यांची कंपनी आधीपासून ग्रामीण भागातील टपालनळ्या आणि ‘ऑनर रॅक’ म्हणजे विश्वासावर चालणाऱ्या उघड्या घडवंच्या तयार करीत होती. दुसरीकडे टेक्ससमधील शायनर या लहान गावच्या, १८९८ पासून तारेच्या टोपल्या विणणाऱ्या कॅस्पर वायर वर्क्स या कारखान्याची ‘शो-रॅक’ ही पेटी पुढे इतकी पसरली की काही लेखक उगमही तेथेच मानतात. कल्पना आणि प्रसार यांत गल्लत झाल्याने हा वाद दिसतो त्यापेक्षा मोठा झाला असावा. हेमेटर यांना कल्पनेचे व कॅस्परला प्रसाराचे श्रेय देणे अधिक सयुक्तिक वाटते. मात्र विश्वासावरच्या घडवंच्या दोहोंच्याही आधीच्या होत्या, हे विसरता येत नाही. याहून मागे जाणारे अभ्यासक १८२२ मध्ये लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरील रिचर्ड कार्लाइल या पुस्तकविक्रेत्याच्या यंत्राचा दाखला देतात. बंदी असलेले लिखाण विकल्याबद्दल नोकर पकडले जात म्हणून त्याने तबकडीवरील काटा हव्या त्या पुस्तकाच्या नावाकडे वळवून पैसे टाकले की पुस्तक खाली यावे अशी योजना केली, जेणेकरून कोणी विकले हे ग्राहकाला सांगताच येऊ नये. हे यंत्र खरोखर स्वयंचलित होते की आडोशामागचा नोकर पुस्तक सोडत असे, याविषयी मतभेद आहेत. दुसरे मत अधिक संभाव्य दिसते. तांत्रिक पूर्वज म्हणून या यंत्राला फारसे महत्त्व देता येणार नाही. तथापि माणूस बाजूला काढून विक्री करण्याचा आणि मुद्रणस्वातंत्र्याचा संबंध किती जुना आहे, हे त्यावरून कळते.

या उपविधींची कायदेशीर चौकट पेटीपेक्षा जुन्या, हातोहात पत्रके वाटण्यावरील खटल्यांनी घडविली. जॉर्जिया राज्यातील ग्रिफिन नगरात कोणतेही साहित्य वाटण्यापूर्वी नगरव्यवस्थापकाची लेखी परवानगी लागे. यहोवाज विटनेसेस या पंथाच्या अल्मा लव्हेल यांना त्यावरून झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९३८ मध्ये रद्द केली. पुढील वर्षी ‘श्नायडर विरुद्ध राज्य’ या खटल्यात रस्त्यावर कचरा होतो एवढ्या कारणावरून पत्रकवाटप बंद करता येणार नाही, असे ठरले. कचरा टाकणाऱ्याला शिक्षा करावी, वाटणाऱ्याला नव्हे. त्याच वर्षी ‘हेग विरुद्ध सीआयओ’ (कामगार संघटनांचा एक महासंघ) या निकालातून रस्ते व उद्याने ही विचारविनिमयाची परंपरागत स्थाने आहेत, हे सूत्र रूढ झाले. पत्रक वाटणारा माणूस वाटप आटोपून निघून जातो. पेटी रात्रंदिवस सार्वजनिक जागा अडवून उभी राहते. हा फरक घटनात्मकदृष्ट्या निर्णायक आहे काय, या प्रश्नाभोवती पुढचा सगळा वाद फिरतो.

या विषयातील मुख्य निर्णय ‘लेकवुड नगर विरुद्ध प्लेन डीलर पब्लिशिंग कंपनी’ (१७ जून १९८८) हा होय. ओहायोतील क्लीव्हलंडलगतच्या लेकवुडमध्ये सार्वजनिक जागेवर कोणतीही खाजगी रचना उभारण्यास सरसकट मनाई होती. ती जिल्हा न्यायालयात टिकली नाही, तेव्हा नगराने नवा उपविधी केला. त्यानुसार वार्षिक परवाना देण्या-नाकारण्याचा अधिकार महापौराकडे आला. नाकारल्यास त्याने कारण द्यावे, पण कोणती कारणे चालतील हे कोठेच लिहिलेले नव्हते, आणि परवाना दिला तरी त्याला ‘आवश्यक व वाजवी’ वाटतील त्या अटी घालता येत होत्या. शिवाय पेटीच्या आराखड्याला वास्तुविषयक मंडळाची संमती आणि १ लाख डॉलरचा दायित्वविमा लागे. ‘प्लेन डीलर’ या वृत्तपत्राने परवान्यासाठी अर्जच केला नाही. उपविधीच्या मजकुरालाच आव्हान दिले. न्या. ब्रेनन यांनी चार विरुद्ध तीन अशा बहुमताने लिहिलेल्या निकालात हे आव्हान ग्राह्य धरले गेले. त्यांचा मुद्दा असा की महापौर प्रत्यक्षात पक्षपात करतो की नाही हे पाहण्याची गरजच नाही. लेखी निकष नसलेला स्वेच्छाधिकार हाती असला की दरवर्षी परवान्यासाठी येणारे वृत्तपत्र टीकेची धार आपणहून बोथट करते, आणि अशी आत्मनियंत्रणाची किंमत कोणत्याही खटल्यात पुराव्याने दाखविता येत नाही. न्या. व्हाइट यांनी भिन्नमत नोंदविले व स्टीव्हन्स आणि ओ’कॉनर हे त्यात सामील झाले. नगराच्या जागेवर पेटी कायम रोवण्याचा हक्क मुळात कोणालाच नाही, शीतपेयाच्या यंत्राला जो न्याय तोच पेटीला, असा त्यांचा रोख होता. शीतपेयवाल्याचा धंदा पेय विकण्याचा आहे, वृत्तपत्राचा धंदा अभिव्यक्तीचाच आहे, असे बहुमताने त्यावर उत्तर दिले. नऊपैकी सातच न्यायाधीशांनी दिलेल्या या निकालाचे वजन थोडे कमी मानणारे टीकाकार आहेत; तरी नंतरच्या जवळजवळ प्रत्येक उपविधीत अधिकाऱ्याचे तारतम्य काढून त्या जागी फूट व इंच आलेले दिसतात, ते याच निकालामुळे.

नगराने सर्वच पेट्यांना बंदी घातली तर काय, हा प्रश्न लेकवुड खटल्यात बहुमताने हेतुपुरस्सर मोकळा ठेवला. संपूर्ण नगराला लागू असलेली बंदी खालच्या न्यायालयांत बहुधा टिकलेली नाही. मर्यादित क्षेत्राची बंदी मात्र टिकली आहे : बॉस्टनच्या बीकन हिल या ऐतिहासिक वस्तीत तेथील वास्तुआयोगाने पदपथावरील पेट्या वर्ज्य केल्या, आणि पहिल्या मंडळाच्या अपील न्यायालयाने १९९६ मध्ये ही बंदी उचलून धरली. विटांचे पदपथ, गॅसचे दिवे आणि चालत थोड्याच अंतरावर वृत्तपत्र मिळण्याची सोय, असा त्या वस्तीचा विशेष होता. त्यामुळे या निर्णयाचा आधार अन्यत्र सावधपणेच घ्यावा लागतो.

ओहायोतूनच दुसरा मोठा खटला आला. सिनसिनाटीने १९८९ मध्ये दोन प्रकाशनसंस्थांना मिळून ६२ पेट्या ठेवू दिल्या होत्या. एकीचे विनामूल्य नियतकालिक प्रौढशिक्षण व मनोरंजनवर्गांची माहिती देई, दुसरीचे घरांच्या विक्रीची. पुढल्या वर्षी, व्यापारी हस्तपत्रकांवरील एका जुन्या मनाईच्या आधारे त्या हटविण्याचा आदेश निघाला, मात्र नगरातील नेहमीच्या वृत्तपत्रांच्या दीड ते दोन हजार पेट्या जागच्या जागी राहणार होत्या. ‘सिनसिनाटी विरुद्ध डिस्कव्हरी नेटवर्क’ (१९९३) या निकालात न्या. स्टीव्हन्स यांनी सहा विरुद्ध तीन अशा बहुमतासाठी म्हटले की पदपथाला होणारी अडचण मजकूर पाहून कमीजास्त होत नाही. लेकवुड खटल्यात नगराच्या बाजूने असलेल्या न्यायाधीशानेच हा निकाल लिहावा हे लक्षणीय असले, तरी त्यात विसंगती नाही. एका खटल्यात स्वेच्छाधिकाराचा प्रश्न होता, दुसऱ्यात भेदभावाचा.

पेट्यांच्या रूपाविषयीचे नियम सर्वसाधारणपणे वैध ठरले आहेत. फ्लॉरिडातील कोरल गेबल्स येथे सर्व पेट्या ठरावीक रंगांच्या व त्यांवरील अक्षरे ठरावीक आकाराची असावीत असा नियम होता. आपला रंग हीच आपली ओळख, ही प्रकाशकांची तक्रार १९९४ मध्ये फेटाळली गेली. होनोलुलूने वायकीकीत नाण्याच्या आणि विनामूल्य पेट्यांच्या वेगळ्या रांगा लावल्या; एका विनामूल्य साप्ताहिकाने घेतलेला आक्षेप २००२ मध्ये अमान्य झाला. सॅन फ्रान्सिस्कोने १९९८ च्या उपविधीने सुट्या पेट्यांऐवजी एका चौथऱ्यावर अनेक कप्पे असलेले सामायिक संच आणण्याचे धोरण घेतले.

प्रत्यक्ष मापांसाठी न्यूयॉर्कचे उदाहरण पुरेसे आहे. २००२ च्या स्थानिक कायद्यानुसार तेथे पूर्वपरवाना लागत नाही. पेट्यांच्या जागा वाहतूक विभागाला कळवायच्या, विमा दाखवायचा आणि पेटीवर मालकाचे नाव-पत्ता लावायचा. उंची ५० इंच, रुंदी व खोली प्रत्येकी २४ इंच ही कमाल मर्यादा. फायर हायड्रंटपासून १५ फुटांच्या आत व बसथांब्यात पेटी चालत नाही, आणि चालणाऱ्यांसाठी ८ फूट सलग पदपथ मोकळा राहावा लागतो. पेटी पुन्हा रंगविल्याचे किंवा भिंतलेखनाचे रेघोटे पुसण्याचा प्रयत्न केल्याचे मालकाने दर चार महिन्यांच्या हिशेबाने प्रमाणित करायचे असते. अंध व चाकाच्या खुर्चीतील व्यक्तींच्या सोयीचा विचार १९९० च्या अपंगांविषयीच्या कायद्यानंतर नियमांत ठळकपणे आला. त्याखालील प्रमाणकांनुसार खांबावरच्या वस्तूचा भाग जमिनीपासून २७ ते ८० इंचांच्या पट्ट्यात खांबाबाहेर १२ इंचांहून अधिक येऊ नये. त्याहून खालची वस्तू पांढऱ्या काठीला लागते, मधली थेट छातीला. ‘यूएसए टुडे’ने १९८२ मध्ये आणलेली, दूरचित्रवाणी संचासारखी दिसणारी खांबावरची पेटी या पट्ट्यातच येते.

नियम मोडणारी पेटी उचलण्याची कार्यपद्धती हा वेगळा विषय होय. लॉस एंजेलिसचा उपविधी सुनावणी न देता पेटी जप्त व नष्ट करू देत असे. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘कॅश एंटरप्रायझेस’ खटल्यात (१९७७) तो रद्द ठरविला. अल्पवयीनांना अपायकारक मजकूर देखरेखीविना पेटीतून विकण्यास त्याच राज्याने केलेली मनाई मात्र १९९६ मध्ये टिकली. विमानतळ हे पदपथ नव्हेत. ‘इस्कॉन विरुद्ध ली’ (१९९२) या निकालाने त्यांना सार्वजनिक मंचाचा, म्हणजे रस्ते-उद्यानांसारख्या विचारविनिमयाच्या खुल्या जागेचा, दर्जा नाकारल्यावर शुल्क घेण्याची मुभा वाढली. अटलांटाच्या विमानतळाने प्रकाशकांना कोका-कोलाच्या जाहिराती असलेल्या सरकारी पेट्याच भाड्याने घेण्याचा आग्रह धरला होता. त्यावरील २००३ च्या निकालात नफ्याच्या दृष्टीने शुल्क आकारणे मान्य झाले, परंतु अधिकाऱ्याच्या अमर्याद स्वेच्छाधिकारावर लेकवुडचेच बंधन आले.

महाराष्ट्रात घरपोच अंक टाकणारी मुले व नाक्यावरचे स्टॉल यांमुळे अशा पेट्यांचा प्रश्न उद्भवला नाही. स्टॉलवाल्यांचा प्रश्न फेरीवाल्यांच्या कायद्याखाली येतो. तत्त्वाचा धागा मात्र एकच आहे. मुंबईत निघणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ या साप्ताहिकाला मद्रास सरकारने केलेली प्रवेशबंदी उठविताना भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५० मध्ये, प्रसाराविना प्रकाशनाला फारशी किंमत नाही, हे १८७८ च्या एका अमेरिकी निकालातील विधान उद्धृत केले; ग्रिफिनच्या खटल्यातही तेच विधान आधाराला घेतलेले होते. पाने व किंमत यांची सांगड घालणाऱ्या आदेशाविरुद्ध पुण्याच्या ‘सकाळ’ने जिंकलेल्या खटल्यातही वितरण हा अभिव्यक्तीचाच भाग मानला गेला.

अलीकडे पेट्यांची संख्या बरीच घटली आहे. वाचक पडद्याकडे वळले हे कारण उघडच आहे. नाण्यांचे कारण कमी सांगितले जाते. ‘यूएसए टुडे’ सुरुवातीला पाव डॉलरला, म्हणजे एका नाण्यात मिळत असे. २०१३ मध्ये किंमत २ डॉलर झाल्यावर त्याच खाचेत आठ नाणी टाकावी लागू लागली. परिणामी उपविधींतील रिकाम्या व टाकून दिलेल्या पेट्यांविषयीचे, पूर्वी दुय्यम असलेले कलम पुढे आले आहे. ठरावीक काळ रिकामी राहिलेली पेटी नोटीस देऊन उचलावी, अशी त्याची सर्वसाधारण रचना असते. प्रकाशनच बंद पडले असल्यास ती नोटीस पेटीवरच्या पत्त्यावर पाठवावी लागते, आणि त्या पत्त्यावर ती घेणारे कोणी उरलेले नसते.