उतारावरचा गुडघा: कुत्र्याला ऑर्थोपेडिक सर्जनकडे नेण्याआधी

मागचा पाय अधांतरी धरून कुत्रा उभा दिसला की घरात पहिला निष्कर्ष ठरलेला: पाय मुरगळलाय, चार दिवसांत सुधारेल. चार दिवसांनी तो पाय टेकतोही आणि विषय मागे पडतो. महिन्याभराने पुन्हा लंगडणे. मध्यमवयाचा लॅब्रॅडोर, रॉटवायलर किंवा अंगाने भरलेला गावठी कुत्रा असा वारंवार लंगडत असेल, तर मुरगळण्यापेक्षा गुडघ्यातला पुढचा क्रूशिएट लिगामेंट (मांडीचे हाड आणि नडगी बांधून ठेवणारा अस्थिबंध) तुटत चालल्याची शक्यता जास्त असते.

गोव्यात फुटबॉलमुळे हा लिगामेंट बहुतेकांना एसीएल या नावाने माहीत आहे. मैदानावर खेळाडूचा एसीएल सहसा एका झटक्यात तुटतो. कुत्र्यात मात्र तो बहुधा महिनोन्‌महिने झिजत, एकेक तंतू सोडत जातो. म्हणूनच एका पायाचा तुटलेल्या कुत्र्यांपैकी निम्म्यांच्या आसपास कुत्र्यांचा दुसरा पायही पुढे तसाच जातो.

याचे एक मोठे कारण हाडाच्या आकारात आहे. नडगीच्या हाडाचा वरचा पृष्ठभाग, ज्यावर मांडीचे हाड टेकते, कुत्र्यात मागच्या बाजूला सरासरी २५ अंशांनी उतरता असतो. शिवाय कुत्र्याचा गुडघा उभ्यानेही वाकलेलाच असतो. पणजीतल्या आल्तिनो टेकडीच्या चढावर दोरीने बांधून ठेवलेला हातगाडा डोळ्यांपुढे आणा. गाडा म्हणजे मांडीचे हाड, दोरी म्हणजे लिगामेंट. दोरी तुटली की पाय टेकताक्षणी मांडीचे हाड उतारावरून मागे घसरते आणि नडगी पुढे सरकते. या घसरण्यात आतली मेनिस्कसची गादी चेंगरते. चालताना गुडघ्यातून ‘टक्’ असा आवाज येत असेल, तर तो फाटलेल्या मेनिस्कसचा असू शकतो. ही गोष्ट सर्जनला आवर्जून सांगा.

आता शाळेतले उतरते प्रतल आठवा. हाडाच्या अक्षात १०० न्यूटन दाब आला, तर उताराला समांतर घटक १०० गुणिले साइन २५ अंश, म्हणजे सुमारे ४२ न्यूटन. उतार ५ अंशांवर आणला तर तोच घटक जेमतेम ९ न्यूटन. स्नायूंचा ताण धरला की हिशेब गुंतागुंतीचा होतो, पण दिशा हीच राहते. अमेरिकन पशुशल्यचिकित्सक बार्कले स्लोकम यांनी १९९३ मध्ये मांडलेली टीपीएलओ शस्त्रक्रिया याच गणितावर उभी आहे. तुटलेली दोरी पुन्हा बांधायची नाही, उतारच कमी करायचा. गोलाकार करवतीने नडगीचा वरचा भाग कापतात, तो फिरवतात आणि प्लेट व स्क्रूने पक्का करतात. करवतीची त्रिज्या २४ मिलिमीटर असेल, तर २० अंश फिरवण्यासाठी काठावर सुमारे ८.४ मिलिमीटर सरकवावे लागते. शून्य अंशापर्यंत नेत नाहीत, कारण मग सगळा ताण मागच्या क्रूशिएट लिगामेंटवर पडतो.

मोजमापात ३ अंशांची चूक झाली, तर सरकवण्यात सव्वा मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणून एक्स-रे कसा काढला याला इतके महत्त्व. कुत्रा कुशीवर, गुडघा आणि घोटा दोन्ही काटकोनात, आणि घोट्याचा सांधाही चित्रात हवा, कारण नडगीचा अक्ष तिथपर्यंत आखायचा असतो. दुखऱ्या पायाचा जागा कुत्रा असा पडून राहत नाही. गुंगी द्यावीच लागते. भेट ठरवतानाच उपाशी किती वेळ ठेवायचे ते विचारा. मोठ्या कुत्र्याला सहसा आठेक तास अन्न देत नाहीत, पाणी चालते. पिल्लू किंवा मधुमेही कुत्रा असेल तर हा नियम लागू नाही. आधीचा एक्स-रे असेल तर मूळ डिजिटल फाइल पेन ड्राइव्हवर घ्या. फिल्म खिडकीला धरून काढलेला फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला, तर कोन मोजण्यासाठी तो निकामी. आणि लिगामेंट एक्स-रेत दिसत नाही. सांध्यात साचलेले पाणी, बाहेर ढकललेली चरबी, कडांवर वाढलेले हाड इतकेच दिसते. तुटल्याचे निदान मुख्यतः सर्जनच्या हातांनी, नडगी पुढे सरकते का ते तपासून होते.

तपासणीच्या टेबलावर घाबरलेला कुत्रा लंगडणे लपवतो, म्हणून व्हिडिओ हवा. सपाट डांबरी रस्ता, सैल पट्टा, मोबाइल कुत्र्याच्या कोपराच्या उंचीवर. बाजूने, समोरून, मागून, आधी चालताना आणि मग दुडक्या चालीत. दुडक्या चालीत तिरक्या जोडीचे पाय एकदम पडतात, त्यामुळे विषमता चटकन कळते. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोके वर जाते. बसतानाचाही व्हिडिओ काढा. गुडघा दुखत असेल तर बरेच कुत्रे तो पाय दुमडत नाहीत, बाजूला काढून बसतात. पोमेरेनियनसारखा छोटा कुत्रा तीन-चार पावले उड्या मारत जाऊन पुन्हा नीट चालत असेल, तर वाटी सरकण्याचा विकार असू शकतो. तो वेगळा.

औषधांची पाकिटेच सोबत न्या. मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक चालू असताना कुणी स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले असेल तर ते सांगाच, दोन्ही मिळून पोटात अल्सर होऊ शकतो. आपल्या घरातली आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल कुत्र्याला देऊ नका.

आपल्याकडे आणखी एक तपासणी टाळू नये: गोचीडतापाची. एर्लिकिया, म्हणजे गोचीडताप, झालेल्या कुत्र्याचे सांधे सुजू शकतात आणि तो आज या, उद्या त्या पायाने लंगडू शकतो. त्यात प्लेटलेट्सही घटतात, त्या कमी असताना शस्त्रक्रिया म्हणजे रक्तस्राव. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), एएलटी (यकृतासाठी) आणि गोचीडतापाची चाचणी आधीच करून नेली, तर फेरी वाचते.

हाडवैद्याची बांबूची पट्टी इथे घातक आहे. मांडी वर रुंद, खाली निमुळती, त्यामुळे पट्टी घसरून गुडघ्याखाली आवळते, पाय सुजतो आणि पावसाळ्यात ओल्या पट्टीखाली कातडी सडते. दृष्ट काढली तरी उतार २५ अंशांचाच राहतो. ‘शस्त्रक्रिया टाळणारे’ म्हणून विकले जाणारे स्टेम सेलचे महागडे इंजेक्शनही तो कोन बदलू शकत नाही.

सर्जनला विचारा: माझ्या कुत्र्याचा कोन किती? मेनिस्कस उघडून पाहणार का? अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत? वजन कमी असेल तर उतार न बदलता सांध्याबाहेरून बांधलेला नायलॉनचा धागा पुरेल का? खर्चात भूल, प्लेट आणि नंतरचा एक्स-रे धरला आहे का? शस्त्रक्रियेसाठी पुण्या-मुंबईला जावे लागणार असेल, तर टाके काढणे आणि पुढचा एक्स-रे गोव्यात होईल का, हेही तेव्हाच ठरवा.

घरचे काम तारीख घेण्याआधी सुरू होते. गुळगुळीत लाद्यांवर रबरी मॅट, चिऱ्याच्या पायऱ्यांपाशी अडसर, आणि शस्त्रक्रियेनंतर सुमारे आठ आठवडे फक्त पट्ट्याला धरून थोडे थोडे चालणे. तिसऱ्या आठवड्यात कुत्र्याला बरे वाटू लागते आणि नेमके तेव्हाच गेट उघडे राहते. हाड जुळल्याचे एक्स-रेत दिसेपर्यंत त्याला मोकळे सोडले, तर स्क्रू सैल होतात आणि पुन्हा टेबलावर न्यावे लागते.